वळणावर ऐकलेली गाडी

डिझेलच्या कोठीतला दिवा रात्रभर जळत राहिला होता. सकाळी पहिल्या ट्रकला डिझेल भरायला आलेल्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं दारातून दोन हाका मारल्या. तिसरी मारायच्या आत त्याला जमिनीवरचे पाय दिसले.

कोठीवाला जुन्या टाकीजवळ पालथा पडला होता. डोक्यावर मागून घाव होता. खाणीवरच्या सगळ्या गाड्यांना डिझेल भरून देणारा हा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. घरी बायको-मुलं कुणी नव्हतं, त्यामुळे रडायलाही कुणी आलं नाही. कामगार बाहेर घोळका करून उभे होते आणि एकमेकांच्या चपलांकडे बघत होते.

फौजदारबाई वर पोचल्या तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. त्यांची इथं नवीनच बदली झाली होती. घरी सामानाचे दोन खोके अजून बांधलेलेच होते, कारण उघडून दाखवणार कुणाला? कामात मात्र बाई चोख. त्यांनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग गुडघ्यावर बसून जमीन पाहिली.

प्रेताच्या हाताशी एक लांब पट्टी पडली होती, टाकीत बुडवून पातळी बघायची असते तसली. तिचं टोक ओलं होतं. बाईंनी ते नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. वास उग्र, नाकात चढणारा होता. कोठीत दोन टाक्या होत्या. भिंतीकडच्या नव्या टाकीवर ताजा रंग होता, तिच्याशी उभं राहिलं तरी वास असा जाणवत नव्हता.

"आणि ही जुनी टाकी?" त्यांनी विचारलं.

"रिकामी आहे, बाई," दारातून मुकादम म्हणाला. मालक दूर शहरात राहायचा, त्यामुळे खाणीवर मुकादमाचाच शब्द चाले. ऑफिसमागच्या खोलीत तो एकटा राही. आत्ता अंगावर शाल होती आणि डोळे लाल होते. "नवीन डिझेल आलं तेव्हा जुनं सगळं परत पाठवलं. तळाशी थोडा गाळ असेल."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"तापानं फणफणलो होतो. गोळी घेतली आणि खोलीत पडलो. माणसं दिवेलागणीच्या आधीच खाली गेली होती. वर मी आणि तो, दोघंच."

"गाड्या?"

"सगळ्या खाली गेलेल्या. माझी तेवढी वर असते. ती खाणीतून खडीच्या यंत्रापर्यंत दगड ओढते, रस्त्याला लागतच नाही."

"कोठीवाल्याचं कुणाशी वैर?"

मुकादमानं मान खाली घातली. "नाव घ्यायचं जिवावर येतंय. पण परवा ढोलवाल्यानं त्याची गचांडी धरली होती. सगळ्यांदेखत."

ढोल हे एका ट्रकचं नाव होतं. चढावर त्याचं इंजिन असं काही ठोके द्यायचं, की तो दिसायच्या आधी गाव जागं होई, म्हणून हे नाव. त्याचा ड्रायव्हर तो ढोलवाला. माणूस तापट, पण मनाचा मऊ, असं सगळे म्हणाले. तापट माणसाबद्दल लोक नेहमीच असं म्हणतात, बाईंच्या मनात आलं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

"भांडण कशावरून?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीला बोलायला निमित्तच हवं होतं. "या नव्या डिझेलवरून. गंधक काढलेलं डिझेल आलंय ना! हवा स्वच्छ व्हावी म्हणून सक्ती झाली. हवा झाली असेल स्वच्छ, पण आमच्या म्हाताऱ्या गाड्यांचं पोट बिघडलं. आजाऱ्याचं पथ्य आहे ते. गंधक काढता काढता तेलाचा स्निग्धपणाही जातो. जुन्या पंपांची रबरी सीलं जुन्या डिझेलमध्ये फुगून घट्ट बसली होती, ती आता आखडली. बघा, एकजात सगळ्या गळतायत."

खरंच, सकाळी वर येऊन आवारात अडकलेल्या प्रत्येक ट्रकच्या इंजिनाखाली पत्र्याचा एकेक डबा ठेवलेला होता आणि त्यात थेंब थेंब डिझेल टपकत होतं. ढोलखालचा डबा तर निम्मा भरला होता.

"चढाला ओढ कमी पडते म्हणून ड्रायव्हर बोंबलतात," मिस्त्री म्हणाला. "ढोलवाला म्हणायचा, ही गाडी माझी नाहीच. राग काढला कोठीवाल्यावर. जसं काही त्या बिचाऱ्यानंच गंधक खाल्लं."

"चांगलं काहीच नाही त्यात?"

"धूर कमी झाला. पेट लवकर घेतं, त्यामुळे खडखडही कमी. पण गुळगुळीत बोलून चढ चढता येतो होय, बाई?"

कडेला ढोलची जुळी बहीण उभी होती, एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून आलेली. ती मुकादमाची स्वतःची गाडी, खाणीनं भाड्यानं लावलेली. तिच्याखाली डबा नव्हता. जमीन कोरडी ठणठणीत होती.

"मुकादमांची निगा चांगली," मिस्त्री जरा खट्टू होऊन म्हणाला. "माझ्याकडे कधी आणतच नाहीत."

खाणीवरून खाली जाणारा रस्ता एकच होता आणि त्या रस्त्यावर घरही एकच. चढाच्या अवघड वळणावर, कुंपणाच्या आत, दोन खोल्यांचं. तिथं एक म्हातारी बाई राहायची. येणारे-जाणारे तिला मावशी म्हणत.

"डोळ्यांनी दगा दिला," मावशी म्हणाली. "कान मात्र शाबूत आहेत. बसा. चहा टाकते. कुणी आलं की मला बरं वाटतं."

"काल संध्याकाळी एखादी गाडी खाली गेली?"

मावशीचा चेहरा उजळला. "गेली ना! माझ्या पोराची गेली. ढोल. बहिणीचा मुलगा, ती गेल्यावर मीच वाढवला. त्याच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखते."

बाईंची पेन्सिल थांबली. "नक्की त्याचीच?"

"आवाज तोच, धुराचा घाण वासही तोच. अंधारून आलं होतं. मी भिंत चाचपत कुंपणाशी गेले आणि हात केला. पूर्वी रोज करायचे. वर जाताना भरधाव असायचा, पण उतरताना थांबून घोटभर पाणी पिऊन जायचा." ती जरा थांबली. "काल थांबला नाही. मग मी दार लावून घेतलं आणि रेडिओ मोठा केला. आपलं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून."

"पूर्वी म्हणजे? आता नाही येत?"

"आमचं जरा वाजलं. तो म्हणाला, माझ्याकडे राहायला चल. मी म्हटलं, तुझ्या संसारात माझी अडगळ नको. तर चिडून म्हणाला, मग बस एकटी. तेव्हापासून या वाटेनं फिरकलाच नाही. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या खाणीवर लागला असेल. तसं तर हल्ली गाड्याच कमी झाल्यात. खाण थंडावली का हो? पूर्वी फळीवरची भांडी वाजायची दिवसभर. आता घर कसं खायला उठतं."

बाईंनी चहा संपवला. आता कोठीवाल्याच्या खुनाचं सांगावंच लागणार होतं, आणि त्यांनी सांगितलं. मावशीनं रिकामा कप चाचपून बाजूला सारला.

"मी खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "आता त्याला माझ्या शब्दावर धरणार?"

"तुमच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही, मावशी."

"मग मी हात केला तो कशाला, मरायला?" मावशी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

ढोलवाल्याला चौकीत आणलं तेव्हा तो रागात नव्हता, गोंधळलेला होता.

"कोठीवाल्याची गचांडी धरलीस?"

"धरली. दुसऱ्या दिवशी माफीही मागितली. विचारा... आता कुणाला विचारणार?"

"काल खाली कधी आलास?"

"दुपारी. माल टाकला आणि घरी गेलो. गाडी दारातच होती."

"साक्षीला कोण?"

"बायको. पोरगी."

"घरच्या साक्षीला कोर्टात फारशी किंमत नसते. पण तुझ्या मावशीनं तुझी गाडी दिवेलागणीला ऐकली."

त्यानं झटकन वर पाहिलं. "मावशीनं? माझं नाव घेतलं तिनं?"

"तुझ्या गाडीचा आवाज ओळखला म्हणाली."

"एवढा राग आहे तिला माझा?" त्याचा आवाज फुटला. "रोज दोनदा तिच्या दारावरून जातो मी. भांडण झाल्यावर दोन-चार दिवस नजर टाळली, कबूल. मग मात्र रोज बघायचो. ती बाहेर येईना. आधी मी वळणावर यायच्या आत कुंपणाशी हजर असायची. म्हटलं, तोंड बघायचं नसेल माझं."

"भोंगा का नाही वाजवलास?"

"मी का वाजवू? दार तिनं लावलं होतं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःच्या सोयीचं बोलतो. यातलं काहीच त्याच्या सोयीचं नव्हतं. आणि मावशीचं बोलणं तर तिच्याच जिवावर उठलं होतं. एक म्हणतो रोज जातो, दुसरी म्हणते फिरकलाच नाही, आणि दोघंही खरं बोलतायत असं मन सांगत होतं. असं कसं होईल?

त्या संध्याकाळी बाई क्वार्टरवर परतल्या. एका माणसाचा स्वयंपाक करायचा कंटाळा असतो, तो कुणाला सांगून कळत नाही. त्यांनी दूध तापत ठेवलं आणि छताकडे कान दिला. वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायची. तिच्या लाकडी तळाच्या चपला सकाळ-संध्याकाळ टकटक वाजायच्या. या अनोळखी गावात बाईंना तेवढीच सोबत होती. गेल्या काही दिवसांत ती टकटक बंद झाली होती. शिक्षिका सोडून गेली असणार, आणि जाताना जिन्यात दोन शब्दही बोलली नाही, याचं बाईंना उगीच वाईट वाटलं होतं.

दूध उतू जाणार तेवढ्यात दार वाजलं. दारात शिक्षिका उभी होती, हातात वाटी. "थोडी साखर मिळेल?"

"तुम्ही इथंच आहात?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"जाते कुठं? रोज वर-खाली करते की."

बाईंनी खाली बघितलं. शिक्षिकेच्या पायात नव्या रबरी चपला होत्या.

दूध उतू गेलं. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी वाटीभर साखर दिली, वर आणखी मूठभर दिली, आणि हवालदाराला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणात चारच माणसं होती. खाटेवर मावशी, दारापाशी हवालदार, कुंपणाला टेकून मुकादम, आणि फौजदारबाई. मुकादमाला फक्त जबाबावर सही करायला बोलावलं होतं. ताप उतरला होता, शाल मात्र तशीच होती.

"मावशी, दोन गाड्या जातील," बाई म्हणाल्या. "ऐका आणि ओळखा. एवढंच."

पहिली गाडी वळणावर आली, चढावर जरा रेंगाळली, सुईंग करत निघून गेली. फळीवरची भांडी जागची हलली नाहीत.

"कुणाची?"

"काय माहीत. हल्ली अशाच जातात एखाद-दोन, मांजराच्या पावलानं."

मुकादम कुंपण सोडून सरळ उभा राहिला.

मग दुसरी आली. ती यायच्या आधी तिचे ठोके आले. ठण, ठण, ठण. फळीवरचा पेला दुसऱ्या पेल्याला लागून किणकिणला आणि गंधकाचा उग्र धूर अंगणात शिरला. मावशी खाटेवरून उठली, तिनं हवेत हात धरला.

"हाच! माझा पोर. सोडलात का त्याला, बाई?"

गाडी कुंपणाशी थांबली. दार उघडून मिस्त्री खाली उतरला.

"ही ढोल नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "ही मुकादमांची गाडी."

मुकादम हसला, पण हसणं ओठांपलीकडे गेलं नाही. "आंधळ्या म्हातारीच्या कानावर माणूस फासावर चढवणार का?"

"कालपर्यंत तुम्हीच चढवत होता. ऐका आता. मावशींचं पोराशी वाजलं त्याच सुमारास नवं डिझेल आलं आणि सगळ्या गाड्यांचा आवाज खाली बसला, ढोलचासुद्धा. मावशींना वाटलं, गाड्या कमी झाल्या, खाण थंडावली. खाण तर जोरात चालू आहे. गाड्या तेवढ्याच, फक्त ऐकू येईनात. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी जुना आवाज ऐकला. म्हणजे जी गाडी खाली गेली तिच्या पोटात जुनं डिझेल होतं."

"ढोलमध्येच असेल."

"ढोलचा पंप गळतो. तिचं सील आखडलंय, म्हणजे ती नव्या डिझेलवर चालते. आवारातल्या सगळ्या गाड्या गळतात, एक सोडून. मिस्त्रींना वाटलं तुमची निगा चांगली. निगा नाही, मुकादम. तुमच्या गाडीनं नवं डिझेल कधी चाखलंच नाही. सील जुन्यासारखंच फुगलेलं आहे. म्हणून ती गाडी तुम्ही मिस्त्रींकडे नेत नव्हता."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "आणि मी आपला कौतुक करत बसलो."

"जुनं डिझेल परत पाठवलं असं तुम्ही मालकाला सांगितलं," बाई पुढे म्हणाल्या. "ते जुन्या टाकीतच राहिलं. तुमची गाडी त्यावर चालायची, आणि तिच्या वाट्याचं नवं डिझेल पिंपांत भरून तुम्ही बाहेर विकायचा. एरवी गिऱ्हाईकाचा टेम्पो वर यायचा. परवा कोठीवाल्याला संशय आला. रिकामी टाकी मोजायला कुणी पट्टी बुडवत नाही, आणि बुडवली तर ती ओली निघत नाही. आज पहाटे आम्ही झाकण उघडलं. टाकी अर्धी भरलेली आहे."

"मी तापानं..."

"पट्टी ओली निघाली तेव्हा तुम्ही त्याच्या मागे उभे होता. सकाळी पोलीस येणार, खोलीमागची पिंपं सापडणार, म्हणून ती लगेच हलवायला हवी होती. टेम्पो बोलवायला वेळ नव्हता. तुमची गाडी पहिल्यांदाच रस्त्याला लागली आणि तुम्ही मावशींच्या दारावरून गेलात. परत आलात तेव्हा त्यांचा रेडिओ मोठ्यानं चालू होता. खाली पिंपांतून डिझेल विकणारा एकच आहे, तो रात्रीच आम्हाला सापडला. त्यानं तुमचं नाव घ्यायला फार वेळ लावला नाही."

मुकादमानं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा हवालदाराकडे. मग त्याची शाल गळून पडली आणि त्यानं ती उचललीही नाही.

"मी त्याला म्हटलं, अर्धं तू घे," तो पुटपुटला. "म्हणाला, मला काय करायचंय, मला कोण आहे? असल्या माणसाचं काय करायचं, बाई? त्याला घाबरवायला काही नसतं, द्यायलाही काही नसतं."

हवालदारानं त्याच्या दंडाला धरलं. पायवाटेनं खाली जाताना दोघांपैकी कुणीच मागे बघितलं नाही. कोठीवाल्याला कुणी नव्हतं हे खरं, पण त्यानं पट्टी बुडवली आणि खोटं झाकायला नकार दिला, याची कुठं तरी नोंद राहील, आणि ती आपणच ठेवायची, असं बाईंनी ठरवलं.

मावशी अजून उभीच होती. तिचा हात हवेतून खाली आला होता.

"म्हणजे त्या संध्याकाळी मी हात केला तो त्याला? खून करून चाललेल्याला?"

"हो, मावशी."

"आणि पहिली गाडी? ती मांजराच्या पावलाची?"

"ती ढोल. ती रोज जाते इथून. सकाळी वर, दुपारी खाली. एक दिवस चुकला नाही."

मावशी खाटेवर बसली. एवढे दिवस ती ज्या शांततेला रागावली होती, त्या शांततेतूनच तिचा पोर रोज जात होता. तिचं तिलाच हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

पहिली गाडी वर न जाता वळणापलीकडे थांबली होती. ढोलवाला चालत आला आणि कुंपणाच्या बाहेरच थबकला. आत यायचं की नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"भोंगा वाजवायला हात मोडले होते?" मावशी आवाजाच्या दिशेनं म्हणाली.

"तू बाहेर आली नाहीस."

"मला ऐकू कुठं येत होतं, मेल्या!"

तो आत आला आणि तिच्या पायांशी बसला. दोघांनी एकमेकांची माफी मागितली नाही. चूक दोघांचीही नव्हती, म्हणून तर ती एवढी जड झाली होती. बाई निघायला वळल्या, पण मावशीनं त्यांचा हात धरून ठेवला.

"थांबा. तुम्हीपण थांबा. चहा व्हायचाय." मग ती पोराला म्हणाली, "जा, गाडी दारात आण."

ढोल कुंपणाला लागून उभी राहिली, इंजिन हळूच गुरगुरत होतं. मावशीनं चाचपत जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"बंद करू?" त्यानं विचारलं.

"नको. चालू ठेव. नीट ऐकू दे. या वयात नवीन काही पाठ करायला वेळ लागतो."

डिझेल जळत राहिलं, पंपातून थेंब गळत राहिले, आणि त्याबद्दल कुणीही एक शब्द काढला नाही.